बोटाने काढलेला धूर : लहान मुलांना लिओनार्दो शिकवताना

साताऱ्यात माझ्या घराच्या पडवीत दर शनिवारी चार वाजता आठ-नऊ मुलं जमतात. धाकटा सहा वर्षांचा, थोरली नऊची. एका शाळेत सव्वीस वर्षं चित्रकला शिकवून मी निवृत्त झाले. तिथे पस्तीस मिनिटांचा तास आणि वर्गात पन्नास-साठ मुलं; पाण्याचे डबे भरून येईपर्यंत घंटा व्हायची. आता घाई नाही. म्हणून दर आषाढ-श्रावणात सहा शनिवार मी लिओनार्दो दा विंचीसाठी राखून ठेवते. घरी किंवा वर्गात असं काही करू पाहणाऱ्या आईबाबांसाठी, शिक्षकांसाठी हे लिहिते आहे.

पहिल्या वर्षी मी सुरुवात केली होती ती 'जन्म १५ एप्रिल १४५२, इटलीतल्या विंची गावाजवळ' इथून, भिंतीवर मोनालिसाचं मोठं छापील चित्र लावून. दहा मिनिटांत मुलं एकमेकांच्या चपला लपवायला लागली. पुढच्या वर्षी क्रम उलटा केला: आधी हात, मग डोळे, चित्र सगळ्यात शेवटी. लिओनार्दो हे नावसुद्धा मी पहिल्या शनिवारी काढत नाही.

पहिल्या शनिवारी फक्त धूर. पडवीच्या कोपऱ्यात काळी ओढणी टांगते, तिच्यापुढे एक उदबत्ती लावते आणि पंखा बंद करते. मुलांना दोन हात लांब बसवते, कारण सहा वर्षांच्या मुलाचं बोट धुराकडे जातंच. मग विचारते, 'धूर कुठे संपतो? कड दाखवा.' सगळे हवेत बोटं फिरवतात. एक म्हणतो इथे, दुसरी म्हणते नाही, अजून वर. कुणालाच कड सापडत नाही आणि दोन-तीन मिनिटं सगळे गप्प बघत राहतात. एवढी शांतता माझ्या पडवीत एरवी नसते.

त्यानंतर कोळसा. चित्रकलेच्या दुकानात मिळतो तो चारकोलच आणा. चुलीतला कोळसा टणक असतो, कागद ओरखडतो. कागद कार्ट्रिजचा, किंचित खरखरीत. गुळगुळीत कागदावर कोळसा धरत नाही. मुलांचे हात आधी साबणाने धुऊन पुसून घ्या. आमच्याकडे एकदा भडंग खाऊन मुलं तशीच बसली आणि सगळ्या कागदांवर तेलाचे डाग उठले. त्या डागांवर कोळसा वेगळाच काळा होतो आणि मग हटत नाही. खोडायला लादीपावाच्या आतला मऊ गाभा द्या. रबर येण्याआधी चित्रकार कोळसा असाच पावाने टिपून काढत. गाभ्याची गोळी करून टेकवायची, घासायची नाही. गोळी काळी झाली की दुसरी घ्यायची. सहा-सात मुलांना एक पाव पुरतो, त्यातला थोडा पोटात जातो हे धरूनसुद्धा.

आता प्रत्येकाने कोळशाची एक जाड उभी रेघ ओढायची. मग तिची एक बाजू तशीच ठेवायची आणि दुसरी बोटाने बाहेर ओढत न्यायची, हळूहळू, कागदाचा पांढरा रंग लागेपर्यंत. एकीकडे कड, दुसरीकडे धूर. बास, पहिल्या दिवशी एवढंच. मुलं घरी जाताना मी सांगते की इटलीच्या भाषेत धुराला 'फूमो' म्हणतात, आणि बोटाने आपण जे केलं त्याला 'स्फुमातो'. हा शब्द मुलांना फार आवडतो. फाटकापाशी 'स्फु-मा-तो' असं ओरडत जातात.

बोटाने रंग पुसलेला बघून काही पालक कासावीस होतात. ब्रश हे खरं हत्यार आणि बोट म्हणजे गबाळेपणा, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. त्यांना मी वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतलं जिनेव्रा दे बेंची या तरुणीचं चित्र दाखवते. लिओनार्दोने ते ऐन विशीत काढलं आणि ओला रंग स्वतःच्या हाताने मिसळला. त्याच्या बोटांचे ठसे त्या रंगात आजही आहेत. मुलांना हे सांगितलं की सगळी आपापली काळी बोटं वहीच्या मागच्या पानावर उमटवतात. उमटवू द्या.

इथे एक गोष्ट अगदी मनापासून सांगायची आहे. धूर शिकवला म्हणून मुलाने काढलेली कड चुकीची ठरवू नका. सहा-सात वर्षांचं मूल घराला, सूर्याला, आईला काळी रेघ घालतं, कारण ही वस्तू इथे संपते आणि ती तिथे सुरू होते, हे त्याला नुकतंच कळलेलं असतं. दुसऱ्या शनिवारी आम्ही अंडं काढतो, तेव्हा एका मुलाने सगळं छान पुसून झाल्यावर स्केचपेन काढला आणि अंड्याभोवती ठसठशीत निळी कड काढली. त्याची आई 'अरे, बाईंनी काय सांगितलं!' म्हणून पुढे झाली, तिला मी थांबवलं. रेघ लिओनार्दोनेही आयुष्यभर काढली. त्याच्या वह्यांची हजारो पानं पेनाच्या रेघांनी भरलेली आहेत. धूर ही मुलाच्या हातात पडलेली आणखी एक वस्तू आहे, आधीची काढून घेण्याचं काही कारण नाही.

दुसरा शनिवार अंड्याचा. उकडलेलं घ्या, फुटलं तरी पंचाईत होत नाही. ज्या घरी अंडं चालत नाही तिथे पांढरा चेंडू. एकच खिडकी उघडी ठेवायची, दिवे बंद. पांढऱ्या कागदावर अंडं ठेवायचं आणि मुलांना विचारायचं, सगळ्यात काळं कुठे आहे? सगळी मुलं सांगतात, खाली, कागदाला टेकतं तिथे. मग म्हणायचं, एक डोळा मिटून नीट बघा, अंड्याच्या अगदी खालच्या कडेला थोडा उजेड आहे का? आधी दिसत नाही. एकाला दिसतो, मग भराभर सगळ्यांना. तो उजेड कागदावर पडून परत अंड्यावर आलेला असतो. पुस्तकात त्याला परावर्तित प्रकाश म्हणतात. आम्ही 'उसना उजेड' म्हणतो. पांढऱ्या कागदाच्या जागी लाल ब्लाउजपीस घातला की अंड्याचं पोट लालसर होतं, आणि तेव्हा मुलं खरोखर ओरडतात. लिओनार्दोने या उसन्या उजेडावर पानंच्या पानं लिहिली आहेत. बीजेच्या चंद्राचा काळा भाग जो अंधुक दिसतो, तो पृथ्वीकडून गेलेल्या उजेडामुळे, हेही त्याने लिहून ठेवलं. पावसाळ्यात ती कोर दिसणं अवघड, म्हणून हा गृहपाठ मी दिवाळीवर टाकते: भाऊबीजेला चंद्राला ओवाळताना कोरीच्या आतला अंधार नीट बघून यायचा.

अंड्याच्या दिवशीच एक शोध लागतो, तो डावखुऱ्या मुलांसाठी. माझ्याकडे एक मुलगी होती, मी बघितलं की पेन्सिल उजव्या हातात घ्यायची, मी वळले की डाव्या. घरात कुणीतरी टोकलं असणार. सावली दाखवायला शेजारी शेजारी तिरक्या रेघा ओढतात, त्या उजव्या हाताच्या माणसाच्या बहुधा वरून उजवीकडून खाली डावीकडे उतरतात. लिओनार्दोच्या वरून डावीकडून खाली उजवीकडे येतात, कारण तो डावखुरा होता. अभ्यासक त्याची रेखाचित्रं ओळखताना ही खूणही बघतात. त्याची दोन रेखाचित्रं आणि उजव्या हाताच्या चित्रकारांची दोन, असे चार छापील कागद मांडून मी मुलांना 'कोणता हात?' असा खेळ दिला. त्या मुलीने चारही बरोबर सांगितले. पुढच्या शनिवारपासून पेन्सिल उघडपणे डाव्या हातात आली. लिओनार्दो उजवीकडून डावीकडे, आरशात वाचावं लागेल असं लिहायचा, हे कळल्यावर तिने स्वतःचं नाव तसं लिहून आणलं. देवनागरीत हे सोपं नाही, वेलांट्या फसवतात. लहान आरसा जवळ ठेवा.

डोंगरांसाठी आम्ही गच्चीवर जातो. श्रावणात पाऊस उघडला की अजिंक्यतारा समोर इतका जवळ येतो की झुडपं मोजावीत. जरंडेश्वर त्याहून फिका. हवा धुतलेली असली तर लांब चंदन-वंदनची जोडी दिसते, ती निळी. 'तिथली झाडं निळी असतात का?' असं एकीने विचारलं. उत्तर मी द्यायच्या आधी दुसरा म्हणाला, 'माझा मामा तिकडेच राहतो, तिथे हिरवीच आहेत.' मग निळा रंग कुठून आला, यावर मुलांनीच वाद घातला आणि 'मधे हवा खूप आहे' इथपर्यंत पोचली. लिओनार्दोनेही हेच म्हटलं आहे. त्याने तर हिशोबच दिला: एखादी इमारत पाचपट दूर दाखवायची असेल तर ती पाचपट निळी करा.

खाली आल्यावर हे हाताने करायचं. काळ्या कागदाच्या डोंगराच्या तीन रांगा कात्रीने कापायच्या. सगळ्यात मागची रांग पांढऱ्या कागदावर चिकटवायची, वर एक बटर पेपर. मग मधली रांग, वर दुसरा बटर पेपर. पुढची रांग सगळ्यात वर. मागची रांग दोन थरांच्या धुक्याआड जाते. कात्री सातच्या आतल्या मुलांसाठी बोथट टोकाची. झाल्यावर मी त्यांना फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयातलं पेनाने काढलेलं एक छोटं निसर्गचित्र दाखवते, आर्नो नदीच्या खोऱ्याचं. कोपऱ्यात लिओनार्दोच्या हातची तारीख आहे, ५ ऑगस्ट १४७३. तो तेव्हा एकवीस वर्षांचा होता. ऑगस्टचाच महिना, डोंगराचंच चित्र. दर वर्षी कुणीतरी आपल्या बटर पेपरच्या डोंगराखाली तशीच तारीख उलट्या अक्षरांत घालतं.

आता तेल. या भागाला पंधरा दिवस लागतात, म्हणून पहिल्याच शनिवारी मांडून ठेवा. काचेच्या दोन तुकड्यांवर (कडा घासून घेतलेल्या, किंवा सरळ दोन जुन्या बशा) एकावर शेंगदाण्याचं तेल, एकावर जवसाचं, अगदी पातळ पुसून. कच्च्या घाण्याचं जवस तेल आता सहज मिळतं. आठ-पंधरा दिवसांनी बोट लावा. शेंगदाण्याचं तेलकटच राहतं, जवसाची पातळ कातडी धरते. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, तिच्याच तेलात युरोपातल्या चित्रकारांनी रंग खलले. लिओनार्दोने अक्रोडाच्या तेलाचीही टिपणं केली आहेत. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. एक मात्र लक्षात ठेवा: जवसाच्या तेलाने माखलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पाण्यात बुडवून मग टाका, किंवा बाहेर पसरून वाळवा. ही चिंधी मुलांच्या हाती देऊ नये.

तेल हळू वाळतं म्हणून त्यात थरावर थर देता येतात, आणि मोनालिसाच्या चेहऱ्यावरचा धूर असा थरांनी आला आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शास्त्रज्ञांनी चित्राला हात न लावता क्ष-किरणांनी लिओनार्दोच्या चित्रांतले चेहरे तपासले. एकेक थर मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतका पातळ निघाला, आणि असे सगळे थर मिळूनही जाडी माणसाच्या केसापेक्षा कमी. हे आकडे सहा वर्षांच्या मुलाला सांगून उपयोग नाही. त्याला वहीवर स्वतःचा एक केस चिकटवायला लावा आणि म्हणा, 'सगळे थर मिळून एवढेही जाड नाहीत.'

मुलांसाठी तेलरंग नकोत, जलरंग पुरे. वाटीभर पाण्यात तपकिरी रंगाचा एकच थेंब. पाणी इतकं फिकं की मुलं म्हणतात, 'बाई, यात रंगच नाही.' अंड्याचा गोल आधी पेन्सिलने हलका काढायचा, सावलीच्या बाजूला हे पाणी एकदा लावायचं, वाळू द्यायचं, मग पुन्हा, दर वेळी आधीच्यापेक्षा जरा कमी जागेत. आठ थर. प्रत्येक थरानंतर कागदाच्या कडेला एक टिंब, म्हणजे मोजणी चुकत नाही. श्रावणात पंख्याखालीही एका थराला दहा मिनिटं लागतात आणि ओल्यावर ब्रश फिरवला की खालचा रंग उखडतो. मुलांना थांबणं जड जातं. म्हणून लिओनार्दोच्या गोष्टी मी या वाळण्याच्या वेळेत सांगते. तो किशोरवयात फ्लॉरेन्सला वेरोक्यो या चित्रकाराच्या कार्यशाळेत उमेदवारीला लागला, तुमच्या ताईएवढा असेल. तिथे शिकाऊ मुलं रंग घोटत, लाकडी फळ्या तयार करत. तो पिंजऱ्यातले पक्षी पैसे देऊन घ्यायचा आणि सोडून द्यायचा, असं वासारी या चरित्रकाराने लिहिलं आहे. पक्ष्यांची गोष्ट तिसऱ्या थरानंतर ठेवा. सगळ्यात जास्त चुळबुळ तेव्हाच असते.

मधे एक हलका दिवस हवा, तेव्हा आम्ही खाका करतो. आपल्याकडे भरतकाम करणारे कारागीर कागदावरच्या नक्षीला सुईने भोकं पाडतात आणि वरून नीळ किंवा पांढरी पूड घासून ती कापडावर उतरवतात. रांगोळीचा छापाही तसाच चालतो. इटलीतले चित्रकार असंच मोठं चित्र कागदावर काढून, रेघांवर भोकं पाडून, कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर आपटत. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात इझाबेला देस्ते या इटलीतल्या एका संस्थानिकाच्या पत्नीचं लिओनार्दोने काढलेलं रेखाचित्र आहे, त्यावर ही टोचलेली भोकं आहेत. मुलांनी एखादं पान किंवा मासा काढावा, जुन्या टॉवेलवर ठेवून टोचणीने भोकं पाडावीत, मग मलमलीच्या चिंधीत कोळशाची पूड बांधून टपटप करावं. खाली ठिपके उमटतात. ठिपक्यांच्या रांगोळीवर वाढलेल्या मुलींना पुढे काय करायचं ते सांगावं लागत नाही.

पाचव्या शनिवारी मोनालिसा. आधी ब्राउन पेपरचा ७७ बाय ५३ सेंटिमीटरचा तुकडा भिंतीवर लावते, म्हणजे खरं चित्र केवढं ते कळतं. 'एवढंसंच?' असं म्हणतातच. मग छापील चित्र, पण झाकून. एका कागदाला भोक पाडून फक्त ओठांचा कोपरा दाखवायचा. 'रेघ कुठे संपते?' एव्हाना ते स्वतःच म्हणतात, 'बाई, धूर आहे.' मग डोळ्याचा कोपरा. मग पूर्ण चेहरा. हसते का? अर्धे हो म्हणतात, अर्धे नाही, आणि मी निकाल देत नाही. त्यानंतर प्रत्येकाने कोळशाने एक चेहरा काढायचा आणि फक्त चार जागी, ओठांच्या दोन टोकांना आणि डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांना, बोट टेकवायचं. चेहरा बदलतो. भुवयांबद्दल प्रश्न येणारच: आज त्या दिसत नाहीत, पण वासारीने केलेल्या वर्णनात आहेत. लिओनार्दोने हे चित्र १५०३ च्या सुमारास सुरू केलं आणि १५१९ साली फ्रान्समध्ये वारला तेव्हा ते त्याच्याजवळच होतं, असं मानतात.

मिलानमधलं 'शेवटचं भोजन' मी थोडक्यात सांगते, पण सांगतेच. भिंतीवर चित्र काढण्याची खरी रीत म्हणजे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर, गिलावा वाळायच्या आत. लिओनार्दोला सावकाश काम करायचं होतं, थर द्यायचे होते, म्हणून त्याने १४९५ ते १४९८ या काळात कोरड्या भिंतीवर रंगवलं. त्याच्या हयातीतच रंग सुटायला लागला. अलीकडची दुरुस्ती १९७८ ला सुरू झाली, ती १९९९ ला संपली. 'मग त्याला कुणी रागावलं का?' असं एकाने विचारलं होतं. लोक नाराज झाले असतील, पण ते चित्र बघायला आजही लोक जातात, असं मी सांगितलं. त्या मुलाच्या अंड्याचा सातवा थर नुकताच उखडला होता. तो उठून नवीन कागद घेऊन आला.

शेवटच्या शनिवारी वर्ग उशिरा, साडेसहाला. लिओनार्दोने लिहिलं आहे की संध्याकाळी, आभाळ भरलेलं असताना, रस्त्यातल्या माणसांचे चेहरे बघा, किती मऊ दिसतात. मुलांचे पालक न्यायला येतात तेव्हा त्यांना पायरीवर बसवते आणि कुणी दिवा लावू नये असं आधीच सांगून ठेवते. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागेपर्यंतची ती पंधरा-वीस मिनिटं. प्रत्येकाने आपल्या माणसाकडे बघायचं, काढायचं नाही, फक्त बघायचं. आई हसते, बाबा मोबाइल काढतात. मोबाइल खिशात ठेवायला सांगा, नाहीतर चेहऱ्यावर निळा उजेड पडतो. गेल्या वर्षी सगळ्यात धाकटा आपल्या आजीसमोर मांडी घालून बसला होता. बराच वेळ बघून त्याने हात पुढे केला आणि आजीच्या गालावरून बोट फिरवत कानापर्यंत नेलं, कोळसा पुसतो तसं. आजी म्हणाली, 'काय रे?' तो म्हणाला, 'कड शोधतोय.'